मीठ अळणी

सप्टेंबर सरत आला की सूर्य डोंगराआड जातो,
मार्चपर्यंत आमच्या गल्लीत फिरकत नाही.
एस्कीफ्यॉर्दमध्ये त्याचं कुणाला फारसं वाटत नाही.
दिवे लावतात, कॉफी पितात, जाळी सांधतात.
मी स्वयंपाकघरात स्फटिक पिकवते.

साहित्य म्हणाल तर जुन्या लॅपटॉपचा पांढरा पडदा;
त्याचा उजेड मुळातच एका रेषेत चालणारा, शिस्तीचा.
त्यावर काचपट्टी, तिच्यावर भाता लावलेला कॅमेरा
आणि भिंगापुढे एक करडी चकती.
चकती हळूहळू फिरवायची.
एका जागी पडदा काळाठिक्कर होतो,
जसं एका दाराला उभी फट, पुढच्याला आडवी,
मधून उजेडाला वाट नाही.
तिथं थांबायचं.
मग काचपट्टी सरकवायची.

व्हिटॅमिन सीचा थेंब वाळला की गोल चकत्या उमटतात,
प्रत्येकीच्या मधोमध काळी फुली.
लिंबूसत्त्वाचे जांभळे कडे,
काच फुटावी आणि सांडायची राहून जावी तसे.
साखर हट्टी. आठवडाभर पाकच राहते,
मग एका रात्रीत काठाकडून आत चालत येते,
केशरी, निळी, मध्येच एक हिरवा
ज्याला मला अजून नाव सापडलेलं नाही.

सत्तावीस फोटो, दर वेळी केसाएवढं पुढे सरकून,
मग सगळे एकावर एक.
खालून माशांचा ट्रक गेला की अठरावा हलतो.
पुन्हा पहिल्यापासून.

आजोबा पलीकडच्या खाणीत होते.
त्यांनी खिशातून आणलेला एक खडा अजून घरात आहे.
वर्तमानपत्रावर ठेवला की अक्षरं जोडीनं दिसतात,
निधनवार्तांवर ठेवला तर माणसं दोनदा जातात.
आई म्हणायची, उचल तो. एकदा पुरे.

वरच्या मजल्यावर वीतोल्द राहतो, ग्दान्स्ककडचा.
मासळीच्या कारखान्यात सोळा वर्षं मिठात गेली त्याची,
हात कितीही धुतले तरी नखांच्या कडा पांढऱ्या.
साखरेचा फोटो पाहून म्हणाला,
"एकदा मिठाचा काढ ना."
आणि हातमोजा बशीत झटकला.

कोमट पाणी. एक थेंब. संध्याकाळपर्यंत वाट.
साध्या उजेडात काय देखणे चौकोन!
बारवेसारखे पायरीपायरीनं खोल गेलेले.
वीतोल्दची मान ताठ झाली.
मी चकती फिरवली.

गेले.
नुसतं काळं.

"मिठाचा स्वभावच तसा," मी म्हटलं,
"सगळ्या बाजूंनी सारखं.
उजेडाला वळवत नाही, आला तसा जाऊ देतं."
"म्हणजे इथं मीठच अळणी," तो म्हणाला
आणि एकटाच हसला.
मला वाटलं, खाल्ल्या मिठाला जागून
काहीतरी बोलावं. सुचलं नाही. कॉफी ओतली.

तोच पडद्याजवळ वाकून म्हणाला, "थांब. हे काय?"

उजव्या कोपऱ्यात एक तंतू.
लांबीभर गुलाबी, हिरवे, पुन्हा गुलाबी पट्टे,
त्या सगळ्या काळ्यात एकटाच पेटलेला.
नायलॉन. जाळ्याचा.
कारखान्यात खेचून खेचून काढलेला धागा;
ताणल्याशिवाय त्याला हा रंग चढत नाही.

वीतोल्दनं मोजा उलटापालटा करून पाहिला.
"मी जाळ्यांना हात लावत नाही," म्हणाला.
"डावा माझा. हा उजवा ओद्गेइरचा असणार."
ओद्गेइर वसंतात दक्षिणेला गेला,
पंधरा दिवसांत येतो म्हणून.

मी सत्तावीस फोटो घेतले.
ट्रक गेला नाही, रविवार होता.
चौकट धाग्यापाशी आणू लागले
तर त्यानं माझं मनगट धरलं.
"मोठा काढून दे. काळं कापू नकोस."

छापायला बसले.
अर्ध्यात काळी शाई संपली.
दुकान उद्या दहाला उघडेल.